फाउस्टसची चोवीस वर्षे

सैतानाशी करार म्हटला की आपल्याला शेवटचा नरक आठवतो. मला मात्र मार्लोच्या ‘डॉक्टर फाउस्टस’मधील (पहिले मुद्रण १६०४) आत्म्याच्या मोबदल्यात मिळालेली २४ वर्षेच अधिक भयंकर वाटतात. करार लिहिताना त्याचे रक्त गोठते. देहच जणू नकार देतो. मेफिस्टोफिलिस निखारे आणतो, सही होते. जग जिंकायला निघालेला हा पंडित पुढे करतो काय? पोपच्या पंक्तीतले पदार्थ पळवतो, गरोदर डचेससाठी भर हिवाळ्यात द्राक्षे मागवतो! वर्गात आम्ही हसलो होतो.

गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये (पहिला भाग १८०८) पैज आहे: एखाद्या क्षणाने ‘थांब’ म्हणण्याइतका तो तृप्त झाला, तर हरला. अखेर त्याची अविरत धडपडच त्याला तारते. मार्लोचा फाउस्टस शेवटच्या तासाला काळालाच थांबण्यासाठी विनवीत राहतो. घड्याळाचे ठोके पडतच असतात.