डोळ्याचा पडदा आणि पिवळा रंग

डोळ्याचा पडदा सरकला असे शिरूरला काय किंवा दौंडला काय, कोणी सांगितले की घरातली माणसे प्रथम विचारतात, मार लागला होता का? आम्ही कामगारांत वावरणारी माणसेही तेच विचारतो, परंतु आमच्या विचारण्यात आणखी एक हिशेब असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात, दुसरा डोळा चांगला असताना कामावरच्या अपघाताने एका डोळ्याची दृष्टी गेली, तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरले होते. तेव्हा दृष्टी कशाने गेली हा प्रश्न निव्वळ वैद्यांचा राहत नाही. पोरांच्या तोंडच्या घासापर्यंत तो येतो.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक नाजूक पापुद्रा चिकटलेला असतो. त्याच्यावर बाहेरचे चित्र उमटते. त्यालाच आपण पडदा म्हणतो. घराच्या भिंतीत ओल उतरली की गिलाव्याचा पोपडा फुगून सुटतो, तसाच हा पापुद्राही मागे पाणी शिरले की सुटतो. आता घरात ओल दिसली तर शहाणा गवंडी लगेच थापी उचलत नाही. पाणी छपरातून आले, नळातून झिरपले की जोत्यातून चढले, हे तो आधी पाहतो. डोळ्यातही असेच आहे. पडद्याला भोक किंवा चीर पडली तर डोळ्याच्या पोकळीतले पाणी तीतून मागे जाते. मार लागून होते ते बहुधा असे, आणि मोठ्या उणे नंबरच्या चष्म्यावाल्यांत व म्हातारपणी ते मार न लागताही होते. दुसऱ्या प्रकारात पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून पाणी झिरपते. तिसरा प्रकार जन्माबरोबर आलेला असतो, आणि आमच्या मते सर्वांत जास्त घोटाळा होतो तो त्याच्याच बाबतीत.

गर्भात डोळा घडत असताना त्याच्या खालच्या बाजूला एक फट असते आणि ती साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात मिटते. ती पुरती मिटली नाही तर पडद्यात, कधी थेट दृष्टीच्या नसेच्या मुखात, खाच राहते. डॉक्टर तिला कोलोबोमा म्हणतात. कधी नसेचे मुख कर्ण्यासारख्या फुलाप्रमाणे खोल व पसरट होते. कधी त्या मुखात फक्त एक लहानसा खळगा असतो. त्याचे पहिले वर्णन वीथे नावाच्या डॉक्टराने १८८२ साली केले. सुमारे ११,००० माणसांत एकाला तो असतो असे सांगतात. तो दुखत नाही, बाहेरून दिसत नाही, आणि पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. पण काहींच्या बाबतीत ऐन विशी ते चाळिशीत, म्हणजे कमावत्या वयात, खळग्याच्या वाटेने पाणी पडद्याखाली शिरते आणि समोरचे चित्र मधोमध धूसर व वाकडे दिसू लागते.

दौंडच्या रेल्वे कामगाराला डोळ्यांची तपासणी नवी नाही. पण अक्षरांचा तक्ता किती दिसते तेवढेच सांगतो, का दिसत नाही ते सांगत नाही. त्या ‘का’साठी रंगाची तपासणी आहे. फ्ल्युओरेसीन हा पिवळा-नारिंगी रंग बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली तयार केला. तो दंडाच्या शिरेत टोचला की दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात पोहोचतो. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की तो हिरवा-पिवळा चमकतो आणि कॅमेरा एकामागून एक छायाचित्रे घेत राहतो. हृदयाच्या अँजिओग्राफीशी नावाचे साम्य आहे खरे, परंतु इथे नळी घालायची नसते आणि क्ष-किरणही नसतात.

यातली खरी खुबी साधी आहे. रंग रक्तात आहे. म्हणजे नळाच्या पाण्यात रंग सोडून भिंतीवरची ओल रंगते का पाहावे, तसे झाले. पाणी रक्तवाहिन्यांच्या थरातून झिरपत असेल तर एक ठिपका चमकतो आणि मिनिटामिनिटाला धुरासारखा पसरतो. पाणी खळग्यातून आले असेल तर पडदा फुगलेला असूनही त्याच्या मागची जागा बहुधा रंगत नाही. खळगा मात्र आधी काळा दिसतो आणि शेवटच्या चित्रांत फिकट उजळतो. म्हणजे हे पाणी रक्तातले नव्हे. मग ते डोळ्याच्या पोकळीतले की मेंदूभोवतीचे, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे.

ही युक्ती माणसावर यशस्वी करून दाखवली ती अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्व्हिस या दोन तरुण विद्यार्थ्यांनी. त्यांचा लेख १९६१ साली छापून आला, तोही रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात. पहिली यशस्वी चित्रे अल्व्हिसच्याच डोळ्याची होती. प्रयोगासाठी त्यांनी कोणा गरिबाचा दंड शोधला नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

आज टोचल्याशिवाय प्रकाशाने पडद्याचा उभा छेद दाखवणारे ओसीटी यंत्र आले आहे, आणि खळग्याच्या निदानात पहिला मान त्याचाच. शंका उरली की रंग. चीर पडलेली असेल तर बाहुली मोठी करून दिव्यानेच ती शोधतात, आणि तिथे शस्त्रक्रियेला दिवसांचीही दिरंगाई चालत नाही. रक्तवाहिन्यांतली झिरप पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप ओसरते. खळग्याला लेसर किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. तिन्हींत रोगी एकच वाक्य बोलू शकतो: अंधुक दिसते.

आता हक्काचे. चित्रात जन्मजात खळगा दिसला आणि मार लागल्याची खूण कुठेच नसली, तर अपघाताचा दावा आम्ही लढवू नये. पण ‘दोष लपवून नोकरी धरली’ हा आरोपही ऐकून घेऊ नये. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातला खळगा ज्याचा त्याला कळत नाही, तो लपवणार काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे विसावे कलम सरकारी आस्थापनेला असे बजावते, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे. रेल्वेवाल्याला हा आधार आहे. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या खासगी कारखान्यातल्या गड्याला या कलमाचा नाही, आणि त्याच्यासाठी तो करारात लिहून घेणे हे संघटनेचे काम आहे.

तपासणीला जाणाऱ्याने दमा, वावडे, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास आधी सांगावे. काहींना क्षणभर मळमळते. क्वचित गंभीर प्रतिक्रिया येते, म्हणून ही तपासणी सोय असलेल्या ठिकाणीच करावी. अंग काही तास पिवळे दिसते आणि लघवी दिवसभर किंवा थोडी अधिक नारिंगी होते. ती कावीळ नव्हे. बाहुली मोठी केलेली असल्यामुळे त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये आणि यंत्रावर उभे राहू नये. चित्रांवर सेकंद-मिनिटांचे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांसकट सगळी चित्रे मागून घ्यावीत, नुसता शेवटचा अहवाल नको.