रंगवस्तूंवरील राप : तेलकट व धुळकट जुनेपणाची निर्मितिप्रक्रिया

प्रास्ताविक

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयांतर्गत पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘पुस्त’ म्हणजे रंगमंचावर वापरण्यासाठी केलेल्या कृत्रिम वस्तू होत. अवजड शस्त्रे नटाला थकवितात, म्हणून ती बांबू, लाख यांसारख्या हलक्या द्रव्यांची करावीत, असा व्यवहारी विचारही तेथे आढळतो. वस्तू खरी असण्यापेक्षा ती खरी भासणे महत्त्वाचे, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. आज रंगकर्मी ज्यांना ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्या वस्तूंच्या आकाराकडे पुरेसे लक्ष दिले जाते. मात्र त्यांच्यावर साचलेल्या तेलाचा व धुळीचा विचार प्रयोगाच्या आदल्या रात्री काळ्या रंगाचा एक हात मारून उरकला जातो. महाविद्यालयीन एकांकिकांत तर हे वारंवार दिसते. परिणामी कामगाराच्या हातातील पेटी वापरलेली न वाटता केवळ मळवलेली वाटते, आणि त्या हातांनी वर्षानुवर्षे केलेले श्रम प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाहीत.

प्रस्तुत लेखात या रापाची कारणे व तो साधण्याची रीत यांचे विवेचन केले आहे. उदाहरणादाखल मुंबईतील कापडगिरणीतल्या फिटरची हत्यारपेटी घेतली आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाच्या पार्श्वभूमीवर बेतलेल्या कोणत्याही नाट्यकृतीत अशी पेटी सहज येऊ शकेल.

किटणाची जडणघडण

मळ सर्वत्र सारखा नसतो, ही या विषयातील पहिली व बहुधा दुर्लक्षिली जाणारी बाब होय. स्वयंपाकघरातील फळीवरचा मेणचट थर खाद्यतेलाचा असतो. ते तेल हवेतील प्राणवायूच्या संयोगाने हळूहळू घट्ट होते आणि पिवळसर तपकिरी, चिकट दिसते. मोटारींच्या गॅरेजमधील मळात खनिज तेल, रस्त्याची धूळ व धातूचा कीस एकत्र येतो. तो काळपट असतो. कापडगिरणीतील मळ याहून निराळा. सूतकताई विभागाच्या हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असत आणि वंगण लागलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर ते चिकटत. अशा वस्तूवरील किटण करडे, काहीसे लोकरीसारखे दिसते. हा तपशील वगळून रंगविलेली फिटरची पेटी गॅरेजमधून उचलून आणल्यासारखी दिसेल.

दुसरी बाब प्रकाशाची. कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व पृष्ठभाग फिकट भासतो. तेल त्यातील सूक्ष्म खाचा भरून काढते. विखुरणे घटते, अधिक प्रकाश शोषला जातो, आणि तेलाचा सपाट थर ठरावीक कोनातून चमकतो. म्हणजेच तेलाचा डाग एकाच वेळी गडद आणि चकचकीत असतो. नुसत्या काळ्या पोस्टर रंगाने गडदपणा येतो, चकाकी येत नाही. म्हणून तो डाग तेलाचा न वाटता काजळीचा वाटतो. बहुतेक फसलेल्या प्रयत्नांचे मूळ येथेच आहे.

निर्मितीचा क्रम

पेटी प्लायवूडची असली, तरी ती लोखंडी पत्र्याची भासवावयाची असते. त्यामुळे सर्वप्रथम संपूर्ण पेटीला धातूसारखा करडा रंग द्यावा व तो पूर्ण वाळल्यावर त्यावर पेटीचा मूळ रंग, उदाहरणार्थ हिरवा, चढवावा. नंतर बारीक पॉलिशपेपरने हिरवा रंग घासावा. परंतु हात, पट्टा किंवा जमीन जेथे खरोखर लागते तेथेच. कडीभोवतीचा भाग, तळाचे कोपरे आणि झाकणाची पुढची कड एवढ्या जागा पुरेशा असतात. झाकणाच्या मधोमध खरवडलेला रंग काहीच सांगत नाही. उघड्या पडलेल्या कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळल्यास घासलेल्या लोखंडाची झळाळी येते. गंज हवा असल्यास गेरू उपयोगी पडतो. त्यातील लालसर रंग मुळातच लोहाच्या ऑक्साइडचा असतो.

यानंतर खरबरीतपणा. सांध्यांत व बिजागरीच्या खोबणीत पाणी मिसळलेला फेव्हिकॉल लावून त्यावर चाळलेला लाकडी भुसा भुरभुरावा. गिरणीच्या पेटीसाठी त्यात पिंजलेल्या कापसाचे अगदी तुरळक तंतू मिसळावेत. ते जास्त झाल्यास पेटी उशीतून काढल्यासारखी दिसते. हा थर वाळल्यावर काळा व गडद तपकिरी रंग एकत्र करून पातळ करावा, कुंचल्याने खाचांत घालावा आणि ओला असतानाच कापडाने वरून खाली पुसून घ्यावा. मळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो. पुसण्याची दिशाही तीच हवी. धुळीसाठी चित्रपटसृष्टीत मुलतानी मातीचा वापर दीर्घकाळ होत आला आहे. ती पातळ, चमकरहित माध्यमात कालवून वरच्या आडव्या पृष्ठभागांवर लावावी.

तेलाचा थर सर्वांत शेवटी येतो. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेत किंचित तपकिरी रंग मिसळल्यास जुन्या वंगणासारखा पारदर्शक, चकाकणारा द्रव तयार होतो. तो बिजागरीतून ओघळलेला, कडीवर बोटांच्या ठशांत उमटलेला आणि आत तेलाची बुधली ठेवण्याच्या कोपऱ्यात वर्तुळाकार साचलेला दाखवावा. जुन्या डागाची कड धुळीमुळे मंद होते व मध्यभाग चमकत राहतो. म्हणून लाख पूर्ण वाळण्यापूर्वी कडेवर पुन्हा थोडी कोरडी माती फुंकरावी. या एका कृतीने जेवढा विश्वसनीय परिणाम मिळतो, तेवढा अन्य कोणत्याही कृतीने मिळत नाही.

अंतर व प्रकाशयोजना

चित्रपटात कॅमेरा वस्तूच्या जवळ जातो, म्हणून तेथे संयम आवश्यक असतो. 1977 साली प्रदर्शित झालेल्या जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’साठी सेट सजविताना रॉजर ख्रिश्चन यांनी विमानांच्या भंगारातील सुटे भाग वापरले होते, त्यातील अवकाशयाने व यंत्रमानव वापरून मळलेले दिसतात, आणि म्हणूनच ते जग वस्तीचे वाटते. रंगमंचावर मात्र शेवटच्या रांगेतून सूक्ष्म छटा पुसल्या जातात. तेथे गडद व फिकट यांतील फरक वाढवावा लागतो. तपकिरी मळ पिवळसर प्रकाशात खुलतो व निळ्या प्रकाशात निर्जीव होतो; बाजूने येणाऱ्या प्रकाशातच तेलाची चकाकी दिसते. वर्गखोलीतील ट्यूबलाइटखाली रंगविलेली पेटी रंगमंचावर फसते, ती यामुळेच.

खऱ्या तेलाचा प्रश्न

वेळ वाचविण्यासाठी गॅरेजमधून वापरलेले इंजिन-तेल आणून वस्तूला फासण्याचा मार्ग सोपा वाटतो. तो टाळलाच पाहिजे. अशा तेलात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन साठलेले असतात व त्वचेशी त्यांचा वारंवार येणारा संपर्क अपायकारक असतो. शिवाय रंगमंचावर सांडलेला एक थेंब अंधारात प्रवेश करणाऱ्या नटाचा पाय मोडू शकतो. बारीक वाळूची धूळही फुफ्फुसांस घातक असते; भुसा वा माती चाळतानादेखील मुखपट्टी वापरावी. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने लाखेचे काम उघड्या खिडक्यांच्या खोलीत, आगीपासून दूर करावे. विद्यार्थ्यांकडून हे काम करवून घेणाऱ्या प्राध्यापकांवर ही दक्षता घेण्याची जबाबदारी येते.

तयार पेटीवर, तेलाचे डाग वगळून, चमकरहित वार्निशचा एक हात द्यावा. दुसऱ्या दिवशी पांढरा ओला रुमाल पेटीच्या कडीवर व तळावर दाबून फिरवावा. रुमालावर डाग उमटल्यास तो नटाच्या पोशाखावरही उमटेल. अशी पेटी पुन्हा वार्निश करून वाळू द्यावी.