सेकंडहॅण्ड गाडी, फर्स्टहॅण्ड अनुभव

नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली की घरात एक विषय हमखास निघतो. ‘आता एखादी गाडी बघ की!’ पाऊस, लग्नसराई, गावाकडच्या चकरा, आईचे गुडघे... कारणं तयारच असतात. नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ऐकली की शोरूममधला फुकटचा चहाही गोड लागत नाही. मग मोर्चा वळतो दोन-तीन लाखांतल्या जुन्या ऑल्टो, वॅगन-आर, सॅन्ट्रोकडे.

अशा गाड्या घेतलेल्या काही जणांशी बोलले. सगळे पंचविशी-तिशीतले, घरातली पहिली चारचाकी घेणारे. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. घेताना सगळी घासाघीस किमतीवर झाली, पण नंतर डोक्याला ताप झाला तो कागदांचा. आणि गाडी कोणत्या वर्षाची आहे याला किती महत्त्व आहे, हे तर बहुतेकांना गाडी दारात आल्यावरच कळलं.

दोन लाखांची गाडी कितीला पडते?

मूळचा बार्शीचा एक मुलगा हडपसरला राहतो, आयटीत आहे. त्याने ऑफिसमधल्याच एका सिनियरकडून २०१५ची ऑल्टो ८०० घेतली, २ लाख १० हजारांना. ओळखीतली गाडी, एकहाती वापरलेली, त्यामुळे निर्धास्त होता. तरी पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब त्याने मोबाइलमध्ये लिहून ठेवलाय. चार टायर १२ हजार, बॅटरी ४ हजार, क्लचचं काम ७ हजार, सर्व्हिसिंग ५ हजार, सस्पेन्शनचं किरकोळ काम ४ हजार, विमा ६ हजार. एकूण ३८ हजार!

‘फसवलं कुणीच नाही,’ तो म्हणतो. ‘दहा वर्षांची गाडी आहे, रबर आणि रबराचे पार्ट जाणारच. फक्त मी खिशातले सगळे पैसे गाडीतच घातले होते, म्हणून ते तीन महिने जड गेले.’ आता मित्रांना तो एकच सांगतो, बजेट अडीच लाखांचं असेल तर दोन-सव्वादोनची गाडी बघा, उरलेले बाजूला ठेवा.

गाडीवर मात्र तो खूश आहे. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुण्यात झालं, तेव्हा दर तपासणीला त्यांना एसटीने यावं लागलं नाही. ८०० सीसीच्या इंजिनाकडून अपेक्षा किती ठेवायची, हेही त्याला कळलंय. चौघं जण आणि बॅगा घेऊन साताऱ्याकडे निघालं की खंबाटकी घाटात एसी बंद करायचा, गाडी सेकंडला टाकायची आणि मागच्यांच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही. पण शनिवारात नाहीतर कसब्यातल्या गल्लीत जिथे मोठ्या गाड्या अडकतात, तिथे हिचं पार्किंग झालेलं असतं.

भाव करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भावही खाली यायला हवा. म्हणून नव्या मॉडेलची आजची किंमत आधी बघा आणि मगच बोलणीला बसा.

चावी माझी, नाव दुसऱ्याचं

नाशिकची एक नर्स. नाइट शिफ्ट संपवून पहाटे स्कूटीवर घरी येणं नको वाटायचं, म्हणून तिने एका डीलरकडून वॅगन-आर घेतली. ‘पंधरा दिवसांत नावावर होईल, ताई,’ असा शब्द मिळाला. झाले आठ महिने! मधल्या काळात सिग्नलचं एक आणि पार्किंगचं एक ई-चलान आलं, ते गेलं जुन्या मालकाच्या मोबाइलवर. ते निवृत्त शिक्षक. एक दिवस त्यांनीच नंबर शोधून हिला फोन केला. ‘बाई, दंडाचं काही नाही हो. पण उद्या गाडीखाली कुणी आलं, तर पोलिस माझ्या दारात येतील.’

सरांची भीती खरी होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये असाच एक खटला निकाली काढला. गाडी विकली गेली होती, पुढे आणखी हात फिरली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच ठेवली. म्हणजे कागद लटकला, तर विकणाराही अडकतो.

नियम तसा सरळ आहे. गाडी त्याच राज्यात विकली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल, तर आरसीवर बँकेचं नाव असतं. ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज फिटलंय असं नुसतं तोंडी सांगून चालत नाही.

डीलरकडून घेताय? मग त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का, हे बिनधास्त विचारा. १ एप्रिल २०२३पासूनच्या नियमांनुसार मालक गाडी अधिकृत डीलरकडे देतो तेव्हा फॉर्म २९सी भरतो. पुढे विकली जाईपर्यंत गाडीची जबाबदारी त्या डीलरची.

विम्याचंही तेच. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज करावा लागतो. तो केला नाही, तर गाडीचं नुकसान झाल्यावर क्लेम अडकू शकतो. आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. म्हणून विम्याचा हप्ता त्याला यायचा तेवढाच आपल्याला येईल, असं धरून चालू नका.

नर्सताईंची गाडी शेवटी नावावर झाली. स्वतः दोन सुट्ट्या टाकून, सरांना सोबत घेऊन. त्या दिवशी दोघांनी आरटीओबाहेर एकत्र मिसळ खाल्ली.

रंगाआधी वर्ष बघा

ठाण्यातल्या एका जोडप्यासमोर दोन गाड्या होत्या. २०१६ची चकचकीत, म्युझिक सिस्टीमवाली. आणि २०२०ची, जरा ओरखडे पडलेली, ७० हजारांनी महाग. बाळ सहा महिन्यांचं होतं. त्यांनी दुसरी घेतली.

कारण तारखांमध्ये आहे. एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ जुलै २०१९पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टचा बझर, वेगाचा इशारा आणि रिव्हर्स सेन्सर आले. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीची व्हायला २०२२ उजाडलं. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा यातलं काहीच नसायचं. ग्लोबल एनकॅपच्या जानेवारी २०१४च्या क्रॅश टेस्टमध्ये एअरबॅग नसलेल्या ऑल्टो ८००ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले होते. ती गाडी आजही बाजारात हातोहात विकली जाते. शहरात चाळीसच्या वेगाने फिरवणं वेगळं आणि तीच गाडी एक्स्प्रेस-वेवर ऐंशीने नेणं वेगळं.

दुसऱ्या टोकाचंही गणित आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ची गाडी स्वस्त मिळते, पण २०२७ला तिचं री-पासिंग येणार. त्याची फी ५ हजार, वर पर्यावरण कर आणि पासिंगआधीची डागडुजी. शिवाय मिळणार पुढची पाचच वर्षं.

बघायला जाताना

* गाडी सकाळी, थंड इंजिन असताना बघा. आधीच सुरू करून ठेवली असेल, तर परत या.
* टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. टायर किती म्हातारा आहे ते लगेच कळतं.
* मीटर ४० हजार दाखवतोय, पण ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय? मग सर्व्हिसच्या नोंदी मागा.
* सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी चिखलाचे डाग, सीटखाली गंज, गालिच्याला कुबट वास असेल, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या.
* थकलेली चलानं ऑनलाइन तपासा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवा. एप्रिल २०१९आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघा.
* ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी द्या, लाजू नका.
* टोकन द्या, पण उरलेले पैसे फॉर्म २९-३०वर सह्या झाल्यावर आणि कर्जाची एनओसी हातात पडल्यावरच.

एवढं करून गाडी पसंत पडली, तर पेढे जरूर वाटा. पण आरटीओची तारीख त्याच आठवड्यात घ्या.