एकाच गोळीचा थाट

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पैसे मोजले की धडाधड तीस गोळ्या झाडणारी रायफल दुकानातून घेऊन बाहेर पडता येतं. त्याच अमेरिकेत काही मंडळी मुद्दाम एकच गोळी मावणारी रायफल बनवून घेतात. तीही एका दुकानात सबंध मिळत नाही. आधी नुसती ‘ॲक्शन’ विकत घ्यायची. मग एका कारागिराकडून नळी, दुसऱ्याकडून लाकडी दस्ता, तिसऱ्याकडून नक्षीकाम. मिरजेत तंबोरा करायला टाकल्यासारखा प्रकार. आणि ही ॲक्शन म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या नामांकित रायफलीची हुबेहूब नक्कल. घडण जुनी, पोलाद आजचं. या वेडाच्या दुनियेतले हे काही किस्से.

ठोकळा खाली, काडतूस आत

ॲक्शन म्हणजे बंदुकीचं काळीज. काडतूस जिथे बसतं ती नळीची मागची बाजू बंद करायची आणि चाप ओढला की काडतुसावर घाव घालायचा, एवढंच तिचं काम. एकबारी रायफलींच्या राज्यात सगळ्यात मानाची रचना खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची. चापाखालची दांडी पुढे ढकलली की पोलादी ठोकळा खाली जातो, काडतूस आत सरकवायचं, दांडी वर घेतली की दार बंद. गोळ्यांची पेटी नाही की मागेपुढे धावणारा बोल्ट नाही. म्हणून नळी तेवढीच लांब ठेवली, तरी अख्खी रायफल बोल्टवालीपेक्षा साधारण चार इंचांनी आखूड होते.

आठ हजारांचा सौदा

या घराण्यातल्या एका नामवंत ॲक्शनचा जनक होता जॉन मोझेस ब्राउनिंग. यूटामधल्या ऑग्डेन गावात वडिलांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच त्याने ती घडवली आणि १८७९ साली पेटंट घेतलं. त्याची एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या माणसाच्या नजरेस पडली. कंपनीचे बडे अधिकारी थॉमस बेनेट १८८३ साली देशाच्या दुसऱ्या टोकाहून थेट ऑग्डेनला हजर. ब्राउनिंगने मागितले १० हजार डॉलर, सौदा ठरला ८ हजारांवर. तेव्हा हा पोरगा २८ वर्षांचा होता. पुढे तीच रायफल ‘मॉडेल १८८५’ म्हणून गाजली.

गंमत पुढे आहे. १९७३ साली ब्राउनिंगच्याच नावाच्या कंपनीने या जुन्या घडणीवरून नवी रायफल काढली. नाव अमेरिकन, पण बनली जपानात, मिरोकू कंपनीच्या कारखान्यात! आज विंचेस्टरची तीच घडण इटलीत उबेर्ती कंपनीकडेही तयार होते. काउबॉयच्या बंदुका इटलीत का, तर त्यांचे वेस्टर्न सिनेमेही तिथेच निघायचे की! (हे कारण माझं. खरं कारण असं की बंदुकांच्या नळ्या हा तिथल्या व्हाल त्रोम्पिया खोऱ्याचा शतकानुशतकांचा धंदा. बेरेत्ता घराण्याने व्हेनिसला १८५ नळ्या पुरवल्याची नोंद १५२६ सालची आहे.)

छोटं गाव, मोठ्या बंदुका

मॉन्टाना राज्यातलं बिग टिंबर हे जेमतेम दीड-पावणेदोन हजार वस्तीचं गाव. तिथे एक नाही, दोन कंपन्या जुन्या शार्प्स रायफलींच्या नकला बनवतात. मूळ पेटंट क्रिस्टियन शार्प्स यांचं, १८४८ सालचं. मूळ कंपनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली. पण शायलो शार्प्स आणि सी. शार्प्स या दोन नव्या कंपन्यांनी ते नाव अजून जिवंत ठेवलंय.

१९९० साली टॉम सेलेकचा ‘क्विगली डाउन अंडर’ हा सिनेमा आला. त्यातली लांबलचक रायफल शायलोवाल्यांनी खास बनवून दिली होती. सिनेमा बेताचा चालला, रायफल मात्र तुफान गाजली. तेव्हापासून मॉन्टानातल्या फोर्सिथ गावाजवळ दर जूनमध्ये क्विगलीच्या नावाने सामने भरतात. नायकापेक्षा त्याच्या हत्याराला जास्त चाहते मिळालेला दुसरा सिनेमा मला तरी आठवत नाही.

शार्प्सची एक गोळी मात्र सिनेमातल्यापेक्षा नाट्यमय होती. जून १८७४, टेक्सासमधलं अडोबी वॉल्स. तिथे मूलनिवासींनी घातलेल्या वेढ्यात बिली डिक्सन या शिकाऱ्याने दूरच्या टेकाडावरच्या एका घोडेस्वाराला टिपलं. अंतर नंतर १,५३८ यार्ड सांगितलं गेलं, म्हणजे जवळपास १,४०० मीटर. त्यावर वाद अजून चालतात. खुद्द डिक्सन मात्र प्रामाणिक होता. तो नशिबाचा नेम होता, असंच तो म्हणे. याच रायफलींनी मैदानांवरचे रानगवे असे संपवले की कोट्यवधींचे कळप १८८० च्या दशकाअखेर हजाराच्या आसपास आले. नकलांच्या देखण्या जाहिरातींत हा भाग सहसा नसतो.

जिंजर बिअरने घडवलेला इतिहास

त्याच १८७४ सालचा सप्टेंबर. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड विरुद्ध अमेरिका. प्रत्येकी सहा नेमबाज. अंतरं ८००, ९०० आणि १,००० यार्ड. आयरिश जगज्जेते, हातात रिग्बीच्या ठासणीच्या रायफली. अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अशा बंदुका इतक्या लांब नेम धरू शकत नाहीत, असा तेव्हाच्या जाणकारांचा ठाम समज.

एका आयरिश नेमबाजाने अचूक नेम धरला, पण शेजारच्याच्या लक्ष्यावर! गुण शून्य. तरीही शेवटच्या गोळीआधी आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. शेवटचा नेम कर्नल जॉन बोडिनचा. त्याआधी तहान लागली म्हणून त्याने जिंजर बिअरची बाटली हातात घेतली, ती फुटली आणि पंजा रक्ताने माखला. रुमाल गुंडाळून बोडिन आडवा झाला आणि गोळी थेट मध्यात. चार गुण. ९३४ विरुद्ध ९३१! ठासणीच्या बंदुकांचं राज्य तिथून उतरणीला लागलं. क्रीडमूरच्या जागेवर पुढे मनोरुग्णालय उभं राहिलं. नेमबाजीच्या वेडाचा आणि याचा संबंध कुणी जोडू नये.

स्कॉटलंड ते न्यूझीलंड

इंग्रज शिकाऱ्यांची लाडकी ॲक्शन फार्क्वारसन. स्कॉटलंडच्या जॉन फार्क्वारसनने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं, ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांनी ती बनवली. अस्सल गिब्जची संख्या हजाराच्याही आत, त्यामुळे आज भाव आभाळाला भिडलेले. १९६७ साली अमेरिकेत बिल रूगर यांनी तिच्याच वळणाची ‘नंबर वन’ बाजारात आणली. एकबारीचा जमाना संपला असं सगळे म्हणत असतानाच ती खपली, आणि पुढची कित्येक दशकं खपत राहिली. आज न्यूझीलंडमध्ये ग्लेन सोरोका जुन्या फार्क्वारसनच्या वळणाच्या ॲक्शन बनवतात. स्कॉटिश माणसाची कल्पना, इंग्लंडमध्ये घडण, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला पुनर्जन्म!

आपल्याकडची नाती

ब्रिटिश फौजेची मार्टिनी-हेन्री आपल्याकडेही खूप फिरली. कल्पना अमेरिकन पीबॉडीची, सुधारणा स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मार्टिनीची, नळीतल्या खाचा एडिंबरोच्या हेन्रीच्या. खैबरच्या परिसरातल्या लोहारांनी नुसत्या कानशीने तिच्या नकला पाडल्या. शिक्केही हुबेहूब उठवले, फक्त इंग्रजी अक्षरं काही वेळा उलटी आणि स्पेलिंग मनाचं. खोटी मार्टिनी ओळखायची ती शुद्धलेखनावरून!

एकबारीचा देशी अवतार म्हणजे पोलिसांची ४१० मस्केट. मुळात ती दहा गोळ्यांची ली-एन्फील्ड. इशापूरच्या कारखान्यात तिची नळी बदलली आणि पेटीच्या जागी लाकूड ठोकून तिला एका गोळीवर आणलं. तिकडे हौसेने एकबारी होतात, इकडे सरकारने केली.

हाडांचे रंग, अक्रोडाची शिरं

नव्या ॲक्शनवर निळे, करडे, तपकिरी ढग पसरलेले दिसले तर तो रंग नाही. पोलादाचे भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात घालून तापवायचे आणि तापलेलेच गार पाण्यात सोडायचे. हे ढग त्यातून उमटतात, आणि दोन तुकड्यांवर सारखे कधीच येत नाहीत. पूर्वी मऊ लोखंडाची वरची कातडी कडक करायला हा उपद्व्याप लागे. आजच्या पोलादाला त्याची फारशी गरज नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ढगांसाठीच.

दस्त्याला अक्रोडाचं लाकूड, काश्मीरला होतो त्याच जातीचं. चांगल्या शिरांचा ओंडका निवडून वर्षानुवर्षं हवेवर सुकवायचा, आणि त्या एका तुकड्याला हजारो डॉलर मोजणारे महाभाग आहेत. लोखंड लाकडात केसभर फटीशिवाय बसवायची युक्ती मात्र स्वयंपाकघरातली वाटावी अशी: लोखंडाला काजळी फासायची, लाकडात दाबून काढायचं, काळं लागलं तेवढंच तासायचं. पुन्हा फासा, पुन्हा दाबा. शेकडो वेळा.

दोन्ही बाजूंनी भरायची रायफल

अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी तिथे आपले शुत्झेन सामने नेले: २०० यार्डांवर उभ्याने नेमबाजी आणि जोडीला बिअर. तिथले पट्टीचे नेमबाज गोळी नळीच्या तोंडातून आत सारत आणि दारू भरलेलं काडतूस मागून. एकच रिकामं काडतूस पुन्हा पुन्हा भरून दिवसभर वापरत. एवढ्या उपद्व्यापाचं फळ? १९०१ साली कोलोरॅडोतल्या सी. डब्ल्यू. रोलंड यांनी २०० यार्डांवरून टेकणीवर रायफल ठेवून दहा गोळ्या झाडल्या. सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर भरलं पाऊण इंचापेक्षाही कमी. आपल्या रुपयाच्या नाण्याखाली झाकेल एवढं.

अशा नळ्यांचा बादशहा हॅरी पोप. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याने दुकान थाटलं न थाटलं तोच भूकंप आणि आगीत सगळं गेलं. पुढे जर्सी सिटीतल्या पसाऱ्याने भरलेल्या कार्यशाळेत तो अनेक वर्षं एकट्याने नळ्या कोरत बसला. भिंतीवर पाट्या होत्या. मथितार्थ असा: काम कधी मिळेल ते सांगता येणार नाही, घाई असेल तर सामान उचला आणि दुसरीकडे जा.

सदाशिव पेठेत त्याला कुणी परका म्हटलं नसतं. १९५० साली तो गेला. गिऱ्हाइकं शेवटपर्यंत वाट बघत होती.