मुकी झालेली पेटी

भात्याच्या वाद्यास इंग्रजींत लाडानें ‘स्क्वीझबॉक्स’ म्हणतात. आपण हार्मोनियमला नुसती पेटी म्हणतों, त्यांतलाच प्रकार. या नांवाची एक निराळीच पेटी इ. स. २००३ मध्यें कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथील स्लिम डिव्हायसेस या लहानशा कंपनीनें विक्रीस काढिली. तिला भाता नाहीं कीं तबकडी नाहीं. घरच्या संगणकावर सर्व्हर नांवाची आज्ञावली बसवावयाची. तिनें सांठविलेलीं गाणीं वाय-फायवरून किंवा तारेनें पेटीकडे धाडावयाचीं आणि पेटीनें तीं ध्वनिवर्धकास द्यावयाचीं. माजघरांत एक व दिवाणखान्यांत एक अशा दोन पेट्यांची जोडी जुळविली, तर एकच ख्याल दोहों ठिकाणीं एकाच वेळीं समेवर येतो.

आमच्या घरीं अशी एक पेटी पंधरा वर्षें आहे. आमच्या मातोश्रींच्या जात्यावरील ओव्या पूर्वीं टेपवर घेतलेल्या होत्या; त्या संगणकावर उतरवून आम्ही तिच्यावर ऐकतों. यंदा ऐन गणपतींत पेटी मुकी झाली. अक्षरें लुकलुकावीं, पेटी मधेंच बंद पडून पुन्हां पहिल्यापासून सुरू व्हावी, असें दोन दिवस चाललें. तिसऱ्या दिवशीं तेंहि थांबलें. एका दुकानदारानें ती हातांत घेऊन, न उघडतांच, “हिचे दिवस भरले, नवी घ्या,” असा निकाल दिला. नवी आणावी कोठून? तिची निपज इ. स. २०१२ मध्येंच बंद झाली आहे.

शेजारच्या एका तरुण इंजिनिअरानें मात्र पेटीकडे न पाहतां तिच्या अॅडॅप्टरकडे पाहिलें. हा अॅडॅप्टर मूळचा नव्हे, मध्यंतरीं बाजारांतून आणलेला. मोकळा असतां मीटर बरोबर ५ व्होल्ट दाखवी. बोजा पडतांच दाब साडेतीनवर येई. अशा अॅडॅप्टरांत कॅपॅसिटर असतात. उष्णतेनें त्यांतील द्रव वर्षानुवर्षें सुकत जातो, कधीं डोकें फुगतें, आणि विजेचा प्रवाह एकसारखा राहत नाहीं. आम्हीं तो कपाटामागें कोंबून ठेविला होता, हा अपराध आमचाच. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा नवा अॅडॅप्टर लावितांच पेटी बोलूं लागली. मात्र या कुळांतील सर्वच यंत्रांस हा दाब चालत नाहीं; यंत्रावर लिहिलेला आंकडा वाचल्याखेरीज परका अॅडॅप्टर लावूं नये, व वीज चालू असतां तो उघडूं तर नयेच.

दुसरें दुखणें रूटरचें. या जुन्या पेटीस २.४ गिगाहर्ट्झचेंच वाय-फाय कळतें व डब्ल्यूपीए ३ ही नवी कुलूपपद्धति कळत नाहीं. नवा रूटर आल्यावर पेटी रुसली तर तेवढें तपासावें, नाहीं तर सरळ तार जोडावी.

परंतु तिसरें संकट घरांतल्या कोणाच्याच हातचें नव्हतें. इ. स. २००६ मध्यें लॉजिटेकनें स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. कंपनीचा दूरचा सर्व्हर रेडिओ वगैरे पुरवीत असे, म्हणून कित्येकांनीं घरीं सर्व्हर ठेविलाच नाहीं. इ. स. २०२४ मध्यें ती सेवा बंद झाली, आणि चांगल्या धडधाकट पेट्यांस घरीं सर्व्हर बसवीपर्यंत मौन धरावें लागलें. ज्यांचा सर्व्हर घरचा होता त्यांचीं गाणीं मात्र चालूच राहिलीं. या सर्व्हरची आज्ञावली सर्वांस खुली आहे. स्वयंसेवक मंडळी आज ती ‘लिरिअन म्युझिक सर्व्हर’ या नांवानें सांभाळितात. पेटी खरोखरच निकामी झाली, तर रास्पबेरी पाय नांवाच्या तळहाताएवढ्या संगणकाकडून तिचें काम करून घेतां येतें. महिन्याची वर्गणी भरून गाणीं ऐकण्यास आमची हरकत नाहीं. नातवंडें ऐकतात, आम्हीहि ऐकतों. पण आमच्या मातोश्रींच्या ओव्या कोणत्याहि वर्गणींत मिळावयाच्या नाहींत.

पेटीवरील अक्षरें आतां फिकट झालीं आहेत, तीं चष्मा लावूनहि नीट दिसत नाहींत. तें काम दिवाळीनंतर पाहूं. ओव्यांची एक प्रत मात्र पेनड्राइव्हवर काढून धाकट्या भगिनीकडे पाठविली. संगणकाची डिस्क केव्हां दगा देईल, याचा नेम नाहीं.