हौस, धंदा आणि कंटाळा

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. लग्नसराई नुकतीच सरली होती आणि पावसाची पहिली सर येऊन गेली होती. संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग खाली मान घालून त्याने विचारले, "सर, सामान विकून टाकू का?"

कसले सामान, हे मला ठाऊक होते. त्याचा डीजेचा धंदा आहे. डीजे म्हणजे मुळात तबकड्या वाजवणारा माणूस. पण आपल्याकडे हा शब्द माणसावरून यंत्रावर गेला. टेम्पोवर रचलेले स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, जनरेटर आणि लुकलुकणारे दिवे, ह्या सगळ्या पसाऱ्याला आता आपण डीजे म्हणतो. हळद, वरात, गणपती, नवरात्र, जयंती, कोठेही ह्याची सुपारी असते.

"का रे, धंदा बसला का?" मी विचारले.

"नाही सर. तारखा मिळतात. पण आता फोन वाजला की पोटात गोळा येतो. पूर्वी गाणं लावायला हात शिवशिवायचे. आता वरात कधी एकदा संपते, असं होतं. बारा वर्षं झाली. लोक म्हणतात, चाललेला धंदा सोडतो म्हणजे वेडा आहेस."

मित्रहो, हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. ज्याने हौसेने काम धरले आणि पुढे त्याच कामावर पोट भरले, अशा प्रत्येकाला तो केव्हा ना केव्हा पडतो. शिक्षकालाही पडतो, दूधवाल्यालाही पडतो. म्हणून हौस आटते ती का, आणि आटली म्हणजे काय करावे, ह्याचा आपण नीट विचार करू.

प्रथम शरीराचा हिशेब घेऊ, कारण आपण तो सर्वांत शेवटी घेतो. डीजेवाल्याचे काम दुपारी सामान चढवण्यापासून सुरू होते. कार्यक्रम संपून सामान उतरवून घरी यायला पहाट होते. दिवस डोक्यावर आल्यावर झोप लागत नाही, आणि लागली तरी रात्रीच्या झोपेची सर तिला येत नाही. लग्नाच्या तिथी लागोपाठ असतात. तीन-चार महिने असे गेले म्हणजे माणूस चिडचिडा होतो. ही चिडचिड स्वभावातून आलेली नसते, ती थकव्यातून आलेली असते.

दुसरा हिशेब कानांचा. आवाज डेसिबल नावाच्या मापाने मोजतात. हे माप फूट-इंचांसारखे सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दुप्पट होते. रोज आठ तास काम करणाऱ्याने 85 डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा दंडक अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने घालून दिला आहे. आता तुम्हीच गणित करा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा आणि 100 डेसिबलला फक्त पाव तास! स्पीकरच्या भिंतीजवळ आवाज शंभराच्याही पुढे जातो, आणि तेथे हा गडी चार-पाच तास उभा असतो. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मी विचारल्यावर तो म्हणाला, "रात्री उशीला डोकं टेकलं की कानात रातकिडे ओरडतात." ही धोक्याची घंटा आहे. कानाला आवाज त्रास देऊ लागला, तर मनाला गाणे गोड कसे लागावे?

आता मनाकडे वळू. 1971 साली एडवर्ड डेसी ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना ठोकळे जुळवण्याचे कोडे दिले. काहींना कोडे सोडवल्याबद्दल पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पुढे पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण काय करतो ते पाहिले. पैसे घेतलेल्यांचा कोड्यातला रस उतरला होता. दोनच वर्षांनी, 1973 साली, लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या तिघांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. 'चित्र काढा, बक्षीस मिळेल' असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर आपण होऊन चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळाले, त्यांची आवड मात्र टिकली.

ह्याचा अर्थ पैसा वाईट, असा नाही. पोट कोणाला चुकले आहे? अर्थ एवढाच, की 'मला आवडते म्हणून करतो' ह्याच्या जागी 'पैसे मिळतात म्हणून करतो' असे मन सांगू लागले, की आवडीला वेगळे खतपाणी घालावे लागते. शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात प्रत्येक गोष्टीला बक्षीस लावताना हे ध्यानात ठेवा. ज्या मुलाला वाचनाची गोडी आधीच आहे, त्याला पानामागे पेन्सिल देऊ नका. त्याच्याशी पुस्तकाबद्दल दोन शब्द बोला, ते पुष्कळ झाले.

मग हे खतपाणी कोणते? ह्याच डेसींनी रिचर्ड रायन ह्या सहकाऱ्याबरोबर पुढे असे मांडले, की कामातली गोडी तीन गोष्टींवर टिकते: आपल्या मर्जीला थोडा वाव असणे, आपल्याला काहीतरी येते आहे असे वाटणे, आणि आपल्या कामामुळे माणसे जोडली जाणे. ह्या तीन फूटपट्ट्या माझ्या विद्यार्थ्याच्या धंद्याला लावून पाहू.

मर्जीचे काय? पूर्वी गाणी तो निवडायचा. आता नवरदेवाचे मित्र तेच दहा-बारा तुकडे रात्रभर वाजवायला लावतात. दुसरे गाणे लावले तर पिऊन आलेला एखादा अंगावर येतो. कौशल्याचे काय? हा शाळेत असताना बिघडलेले रेडिओ उघडून बसायचा. आवाज कोठे फाटतो, शब्द कोठे बुडतो, हे त्याला कळते. पण आज गिऱ्हाईक विचारते, "भिंत किती मोठी आहे?" साफ वाजते का, असे कोणी विचारत नाही. आणि माणसे? "एका घरातल्या म्हातारबाबांनी खिडकीतून नुसते हात जोडले, सर," तो सांगत होता, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं." मला वाटते, त्याची हौस त्या रात्री मेली. तिन्ही झरे आटल्यावर विहिरीत पाणी कोठून येणार?

ह्या अवस्थेला नाव आहे. 1974 साली न्यूयॉर्कमधील डॉ. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्यांनी मोफत दवाखान्यात झटणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना तिला 'जळून जाणे' असे म्हटले. पुढे क्रिस्टिना मास्लाक ह्या संशोधक बाईंनी तिच्या तीन खुणा सांगितल्या: सततचा शिणवटा, कामाविषयी व माणसांविषयी येणारा तुटकपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली तिची नोंद घेतली, पण रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आटोपलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. ज्योत जळून गेली ह्यात वातीचा आळस नसतो. तेल घालायचे राहिलेले असते.

आता धंद्याचा हिशेब. मी त्याला कागद दिला आणि एका सुपारीचा आकडा मांडायला सांगितला. समजा, सुपारी वीस हजारांची. डिझेल तीन हजार, पोरांची मजुरी चार, टेम्पो तीन, मोडतोड दोन. हाती राहिले आठ हजार. चाळीस सुपाऱ्यांचे तीन लाख वीस हजार. पण वर्षाचे कर्जाचे व्याज साठ हजार धरा. सामान सहा लाखांचे आणि टिकते सहा वर्षे, म्हणजे वर्षाची झीज एक लाख. राहिले एक लाख साठ हजार. चाळीसांनी भागा. रात्रीचे आठ हजार वाटत होते, ते खरे चारच हजार! झीज धरली नाही की धंदा दिसतो तेवढा मोठा नसतो. शेतकऱ्यांनी बैलाचे व ट्रॅक्टरचे आकडे असेच मांडून पाहावेत.

"पण सर, एवढा पैसा घातलाय, तो वाया जाईल ना?" हा त्याचा शेवटचा अडसर. येथे आपल्या सर्वांची फसगत होते. बोअर तीनशे फूट गेला, पाणी लागले नाही. भूजल जाणणारा सांगतो, आता थांबा. आपण म्हणतो, एवढा खर्च केलाच आहे, आणखी पन्नास फूट जाऊ द्या. गेलेला पैसा परत येत नाही; आपण मात्र त्याच्या मागे नवा पैसा पाठवतो. 1985 साली आर्क्स आणि ब्लूमर ह्या संशोधकांनी नाटकाच्या वर्षभराच्या तिकिटांवर हेच दाखवले. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा सुरुवातीचे अधिक प्रयोग पाहायला गेले. नाटके सर्वांना तीच होती. ओढत होता तो खर्च केलेला पैसा. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: आज माझ्याजवळ हे सामान नसते आणि त्याच्या विक्रीइतकी रोकड असती, तर मी तेच सामान घेतले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर सामान आपल्याला धरून बसले आहे, असे समजावे.

तरीही मी त्याला "वीक" म्हणालो नाही. हंगाम संपल्या संपल्या असा निर्णय घेऊ नये. दमलेला माणूस घर सोडायला निघतो, आणि झोप झाल्यावर पुन्हा दार उघडतो. मी त्याला चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, महिनाभर रात्रीची पुरी झोप घे आणि कान तपासून घे. विश्रांतीनंतर हात पुन्हा शिवशिवले, तर तो नुसता थकवा होता. मात्र गाण्यातच नव्हे, तर जेवणात, मुलाबाळांत, कशातच मन लागत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर तो धंद्याचा प्रश्न नव्हे. मग डॉक्टर गाठावा. सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

दुसरी, कायद्याला तक्रार समजू नको, आधार समज. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. वस्तीतली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. सुपारी घेतानाच "दहाला बंद" असे लिहून घेतले, की झोप, कान आणि शेजार तिन्ही वाचतात. काही गिऱ्हाइके जातील. जाऊ देत.

तिसरी, सगळे सोडण्याआधी निम्मे सोडून पाहा. तुझे कसब मोठ्या आवाजात नाही, साफ आवाजात आहे. सप्ताहातले कीर्तन शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेले पाहिजे. ग्रामसभेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात शब्द न् शब्द पोचला पाहिजे. त्याला भिंत लागत नाही, जाणता कान लागतो.

चौथी, मुदत ठरव. एक हंगाम असे करून पाहा आणि मग निकाल दे. मुदत नसलेला विचार घोळत राहतो, आणि तो कामापेक्षा जास्त थकवतो.

दिवाळीत तो पुन्हा आला होता. वरचे स्पीकर आणि जनरेटर त्याने विकले, त्यातून कर्जाचा काही भाग फेडला. दोन चांगले स्पीकर आणि माइक ठेवले आहेत. उजव्या कानाला थोडे कमी ऐकू येते, असे तपासणीत निघाले. मिळकत घटली आहे, हे तो लपवत नाही; बायको शिवणकाम करते, त्यावर काही भागते. धंदा ठेवायचा की नाही, हे तो पुढच्या मृगाला ठरवणार आहे.

"आणि ठेवला नाही तर?" मी विचारले.

"तर नाही, सर. पण आता भिऊन सोडणार नाही, आणि भिऊन धरूनही ठेवणार नाही."

वाचकहो, काम सोडणे म्हणजे हार नव्हे, आणि धरून ठेवणे म्हणजे नेहमीच जिद्द नव्हे. कोणते केव्हा करावे, हे दुसऱ्याने सांगून कळत नाही. पण झोप घेऊन, कागदावर आकडे मांडून आणि गेलेला पैसा बाजूला ठेवून पाहिले, तर आपले आपल्याला दिसते. तुमच्या गावात असा एखादा उमेद हरवलेला तरुण असेल, तर त्याला "वेडा आहेस" असे म्हणू नका. त्याला बसवा, चहा द्या आणि विचारा, "झोप किती घेतोस?" पुष्कळदा गोष्ट तेथूनच सुरू होते.