बोलेल त्याची बोरे; पण बोलावे कोणी?

'बोलेल त्याची बोरे विकतील' अशी आपल्याकडे म्हण आहे. इंटरनेटच्या बाजारात मात्र नुसते आपण बोलून भागत नाही. आपल्याविषयी दुसऱ्यांनी बोलावे लागते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या गावात, दिवेआगरला, आणि माझ्याच चुकीतून शिकलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवेआगर हे श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळींचे गाव. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी येथील एका वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली आणि तीत सोन्याचा गणपती. गुगल कंपनी स्थापन झाली ती त्यानंतर, १९९८ साली. तेव्हा सुवर्णगणेशाची कीर्ती पसरली ती वर्तमानपत्रांतून आणि दर्शन घेऊन गेलेल्यांच्या तोंडून. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मूर्ती गेली आणि पर्यटकांचा ओघही ओसरला. परत मिळालेल्या सोन्याचा मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा बसवण्यात आला.

दरम्यान ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आमच्या वाडीतील पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाती यायला कित्येक वर्षे जातात. बाबांनी कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या व 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी लावली. परंतु पाहुणा पुण्या-मुंबईहून निघतो तो फोनवर शोध घेऊनच. गल्लीतली पाटी त्याला कशी दिसणार? आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. साहजिकच हे काम माझ्याकडे आले.

शोधयंत्र कोणाला वर दाखवते? गुगलच्या संस्थापकांची मूळ कल्पना साधी होती. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, की ते एक मत समजायचे. आणि ज्या पानाला स्वतःला पुष्कळ मते आहेत, त्याच्या मताला वजन अधिक. म्हणजे स्वतःच्या पानावर स्वतःची स्तुती करणे हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग पानाबाहेर घडतो. गावातल्या पतीसारखेच हे आहे. साहजिकच मतांची खरेदी-विक्री सुरू झाली. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल करून अशा विकतच्या दुव्यांना चाप लावला.

नकाशावरील लहान व्यवसायांसाठी गुगल तीन गोष्टी पाहते : शोधाशी जुळणी, अंतर आणि ख्याती. अंतर आपल्या हाती नाही. ख्यातीत लोकांचे अभिप्राय येतात. इन्स्टाग्राम, फेसबुकवरील दुवे बहुधा मत म्हणून धरले जात नाहीत. पण तेथे पाहिलेले नाव मनुष्य पुढे शोधतो, हा त्यांचा उपयोग.

एवढे समजल्यावर मी काय केले? प्रथम वर्षाला असताना मित्रांच्या फोनवरून पाच अभिप्राय स्वतःच लिहिले. एकात भरात येऊन लिहून गेलो, 'खिडकीतून समुद्र दिसतो.' आमच्या खिडकीतून शेजारची वाडी दिसते. महिन्याभरात एक कुटुंब आले. सोबत आजी होत्या. त्यांना वाळूत चालवत नव्हते, म्हणून समुद्र दिसणारी खोली शोधली होती. आजी खिडकीशी गेल्या, परत येऊन खाटेवर बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बाबांनी इसाऱ्याची रक्कम परत केली. रात्री मी खरे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुला लिहाय-वाचायला शिकवलं ते ह्याच्यासाठी?"

पाचही अभिप्राय मी काढून टाकले. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानकही प्रसिद्ध केले आहे, हे मला नंतर कळले. पण मला मानकापेक्षा ती खिडकी जास्त आठवते.

आता आम्ही वेगळ्या मार्गाने जातो. नाव, पत्ता, फोन सर्व ठिकाणी एकसारखा ठेवला. खोल्यांची आहेत तशी छायाचित्रे लावली आणि 'समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर' असे स्पष्ट लिहिले. निघताना पाहुण्यांना सांगतो, "जे पाहिलंत तेच लिहा." एकाने 'पाणी कोमट होते' असे लिहिले. आम्ही क्षमा मागून बंब दुरुस्त केला आणि तसे उत्तर दिले. आई उकडीच्या मोदकाला कळ्या पाडते, त्याची चित्रफीत इन्स्टाग्रामवर टाकली. खोल्या भरल्या तर पाहुणे शेजाऱ्यांकडे पाठवतो. तेही आमच्याकडे पाठवतात. हेही एक मतच.

खोल्या रोज भरतात असे नाही आणि कर्जाचे हप्तेही चालू आहेत. परंतु येणारा पाहुणा जे वाचून येतो तेच त्याला मिळते. बोरे विकण्यासाठी बोलावे लागते, हे खरे. दुसऱ्यांनी आपल्याविषयी चांगले बोलावे म्हणून त्यांना विनंती करता येते, त्यांची सोय करता येते. त्यांच्या तोंडून आपणच बोलणे मात्र टाळावे. बोरे गोड आहेत की नाहीत, हे शेवटी खाणाराच सांगतो.